जंगलात स्वयंसेवक म्हणून काम करायचंय? नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

अंजनेरी, ब्रह्मगिरी, बोरगड, नांदूरमध्यमेश्वर या भागात वनखात्यासोबत काम करायचं तर सुरुवात कुठून करायची, हे बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. हे खात्याचं अधिकृत पान नाही, या कामात असलेल्या एका माणसाने लिहिलंय, त्यामुळे मधेमधे माझी मतं येणारच.

काम नक्की काय असतं? झाडं लावायची ना?

झाडं लावणं हा त्यातला अगदी छोटा भाग आहे, आणि खरं सांगायचं तर त्याला माणसं कमी पडत नाहीत, जुलैमध्ये तर बॅनरसकट येतात. माणसं कमी पडतात ती पायवाटा दुरुस्त करायला, हिवाळ्यात जाळरेषा (आग अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढायला, मागच्या वर्षी लावलेल्या रोपांभोवतीचं गवत काढायला, घाणेरी (टणटणी, लँटाना) उपटायला, गर्दीच्या दिवशी ओढ्याजवळ उभं राहून लोकांना परत पाठवायला. या कामांचे फोटो फारसे चांगले येत नाहीत पण जंगलाला गरज याचीच आहे, आणि तीही एकदा येऊन जाणाऱ्यांची नाही, त्याच जागेवर परत परत येणाऱ्यांची.

अमेरिकेत कॅम्पग्राउंड होस्ट असतो, तसं इथे होता येतं का?

तसंच्या तसं नाही. तिकडे १९७२ च्या कायद्याने फॉरेस्ट सर्व्हिसला स्वयंसेवक घ्यायची मुभा मिळाली. तिथला होस्ट म्हणजे बहुतेक वेळा एखादं रिटायर्ड जोडपं, स्वतःची राहायची गाडी घेऊन अख्खा सीझन कॅम्पग्राउंडवर राहतं, जागा फुकट मिळते, आणि बदल्यात आल्या-गेल्याला माहिती देणं, शेकोटीची जागा साफ करणं, संडास बघणं, काही बिघडलं तर रेंजरला कळवणं ही कामं. नियम मोडणाऱ्याला दंड करणं हे त्याचं काम नाही, तो फक्त सांगतो आणि कळवतो.

आपल्याकडे अशा सरकारी कॅम्पग्राउंडांची साखळीच नाही. राखीव जंगलात परस्पर तंबू ठोकून राहता येत नाही, अभयारण्यात तर नाहीच. भंडारदऱ्याच्या बाजूला तंबू दिसतात, त्यांचा धंदा बहुतेक गावातलीच पोरं चालवतात. पण होस्टचं जे मूळ काम, म्हणजे आलेल्याचं स्वागत करणं, काय चालतं काय नाही ते गोडीने सांगणं आणि जागा स्वच्छ ठेवणं, ते इथे संयुक्त वनव्यवस्थापन समितीची, म्हणजे वनखात्यासोबत जंगल सांभाळणाऱ्या गावाच्या समितीची माणसं करतात. ज्या नाक्यावर तुम्ही प्रवेश शुल्क भरता तिथे बसलेला पोरगा बहुतेक वेळा याच समितीचा असतो. शनिवार-रविवारी त्याच्यासोबत बसणं, हीच आपल्याकडची होस्टगिरी समजा. त्याची जागा घ्यायची नाही, त्याच्या हाताखाली काम करायचं. तो त्याचा रोजगार आहे.

परवानगी लागते का? कोणाकडे जायचं?

लागते, आणि ती न घेता केलेलं चांगलं कामसुद्धा गुन्हा ठरू शकतं. राखीव जंगलाला १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे, तिथे खणणं, तोडणं, आग पेटवणं हे सगळं त्यात येतं. अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम, तिथे तर आत शिरायलाच परवाना हवा. त्यामुळे कुदळ घेऊन थेट डोंगरावर जायचं नाही.

खात्याची रचना खालून वर अशी आहे: वनरक्षक, ज्याला सगळे गार्ड म्हणतात, त्याच्याकडे एक बीट म्हणजे जंगलाचा ठरलेला तुकडा, मग वनपाल म्हणजे राऊंड, मग वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे आरएफओ, आणि त्यावर उपवनसंरक्षक. नाशिक जिल्ह्यात पश्चिम आणि पूर्व असे वेगळे वनविभाग आहेत, आणि अभयारण्यांचं काम वन्यजीव विभाग बघतो. म्हणजे नांदूरमध्यमेश्वरसाठी त्र्यंबकच्या ऑफिसात अर्ज देऊन उपयोग नाही. अर्ज आरएफओच्या नावाने साधा एका पानाचा द्या. किती जण, कोणती तारीख, कोणती जागा, काय काम, कोणती अवजारं, जबाबदार माणसाचा नंबर, एवढं पुरतं. पोच घ्या. आणि अर्ज देण्याआधी त्या बीटच्या गार्डला एकदा प्रत्यक्ष भेटा, कारण कुठली वाट वाहून गेलीय आणि कुठे अजिबात जायचं नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. एकेका गार्डकडे केवढा तरी डोंगर असतो आणि तो बहुतेक वेळा एकटाच फिरतो. आपण त्याच्यासोबत चाललो तर त्याला बरंच वाटतं, मी तरी तसंच पाहिलंय.

वनखात्याइतकंच दुसरं दार म्हणजे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याने बऱ्याच गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, तिथे जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. सरपंचांना, पोलीस पाटलांना, समितीच्या अध्यक्षांना भेटल्याशिवाय कामाला लागू नका.

नाशिकजवळ कुठे काम करता येतं?

अंजनेरी सगळ्यात सोयीचं, त्र्यंबकच्या रस्त्यावर साधारण वीस किलोमीटर, सिटीलिंकची बस मिळते, फाट्यावर उतरून चालत जाता येतं. कडेकपारीत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी, आणि पठारावर ते कंदीलपुष्प, ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. जिथे पावसाळ्यात नुसतं वाट सोडून चाललं तरी दुर्मिळ काहीतरी पायाखाली येऊ शकतं तिथे वाट नीट राखणं हे स्वतःच संवर्धनाचं काम आहे, म्हणून मी नवीन माणसाला आधी अंजनेरीच सुचवतो.

बोरगड दिंडोरीच्या बाजूला, रामशेजच्या शेजारी. २००८ साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव. नांदूरमध्यमेश्वर निफाडमध्ये, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं पाणथळ, रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथलं काम वेगळं, पक्षीगणनेत मदत, चापडगावच्या बाजूने आलेल्या पर्यटकांना शांत ठेवणं, वगैरे. येवल्याकडे ममदापूर आहे, काळविटांसाठी, ते गवताळ रान आहे, तिथे झाडं लावायचा उत्साह कृपया घरी ठेवून या.

ब्रह्मगिरीबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

पायवाटेचं काम म्हणजे काय? पायऱ्या बांधायच्या का?

पायऱ्या नाहीत, सिमेंट तर अजिबात नाही. पाणी वळवायचं.

लोक चालून चालून वाट थोडी खोल होते, मग पावसाचं पाणी बाजूला न जाता वाटेतूनच वाहायला लागतं, माती घेऊन जातं, खालचे दगड उघडे पडतात, त्या दगडांवरून पाय घसरतो म्हणून लोक कडेच्या गवतातून चालतात की झाली दुसरी वाट, पुढच्या वर्षी तिसरी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पाऊस नाशिक शहराच्या कित्येक पट पडतो, एका पावसाळ्यात वाटेचा ओढा होतो. त्यामुळे वाट दुरुस्त करायची म्हणजे पाण्याला वाटेबाहेर काढायचं.

त्यासाठी वाटेला आडवा पण तिरका असा दगडांचा छोटा बांध बसवतात. काटकोनात बसवला तर मागे गाळ साचतो आणि दोन जोरदार सरींत पाणी वरून उडी मारून पुढे जातं, म्हणून साधारण ३० ते ४५ अंशांचा तिरपेपणा ठेवायचा, खालचं टोक उताराच्या बाजूला. दगड मोठा घ्यायचा, पहारीशिवाय हलणार नाही असा. आधी चर खणायचा, दगड त्यात उभा सरकवायचा, निम्म्याहून जास्त भाग मातीत गेला पाहिजे, मग फटींमध्ये चिपा ठोकायच्या, माती भरून ठोकून घट्ट बसवायची आणि दगडावर उभं राहून डोलून बघायचं. थोडा जरी हलला तरी काढायचा आणि परत बसवायचा, कारण आज किंचित हलणारा दगड ऑगस्टमध्ये शंभर टक्के उखडतो आणि सोबत शेजारचे दोन घेऊन जातो. सगळं झालं की वरून बाटलीभर पाणी ओतायचं. ते बांधाच्या कडेकडेने जाऊन बाहेर गवतात शिरलं तर काम झालं, मधेच थबकलं तर तोंडाजवळचा, म्हणजे बांधाच्या खालच्या टोकाला पाणी बाहेर पडतं तिथला चर अजून खोल करायचा. चार माणसं सकाळभर खपली तर असे जेमतेम दोन-तीन बांध होतात, त्यामुळे कमी वाटलं तरी निराश होऊ नका. आणि तो तोंडाचा चर दरवर्षी मे महिन्यात साफ करावाच लागतो, नाहीतर गाळाने भरून बांध फुकट जातो, म्हणूनच म्हणतो त्याच जागेवर परत या.

दगड उचलताना नेहमी आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे खाली विंचू-साप असला तर दगडाची आड राहते आणि तो पलीकडे निघून जातो. उताराच्या खालच्या बाजूला कोणी उभं नाही ना, हे आधी ओरडून विचारायचं.

शॉर्टकट बंद करायला वाळक्या फांद्या, करवंदीचा वाळका काटा टाकला की पुरतं. जिवंत झाड तोडून नाही. फांद्या नुसत्या सुरुवातीला टाकून उपयोग नसतो, वरून उतरणाऱ्यालाही तो शॉर्टकट दिसता कामा नये, म्हणून दोन्ही तोंडं झाका. रंगाने बाण काढायचे असले तर खात्याला विचारूनच, आणि किल्ल्याच्या कातळावर तर मुळीच नको.

अवजारं कोण देतं?

कधी खातं, कधी गाव, बऱ्याचदा आपली आपण. कुदळ, टिकाव, फावडं, घमेलं, पहार, विळा, कोयता. पहार दोन असल्या तर फार बरं पडतं. हातमोजे जाड कापडाचे किंवा चामड्याचे, ते पातळ रबराचे अर्ध्या तासात फाटतात. बूट घोट्यापर्यंतचे. पाणी माणशी तीन लिटर, एप्रिल-मेमध्ये जास्त, कारण वर झरा असेलच असं धरून चालू नका.

वणवा विझवायला येऊ का?

आग लागल्यावर धावत येऊ नका. लागण्याआधी या.

आपल्याकडे आगीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्याआधी, गवत पिवळं पडायला लागलं की जाळरेषा काढतात, म्हणजे डोंगराच्या धारेवर, रस्त्याच्या कडेने, गाव आणि जंगलाच्या मधे काही मीटर रुंद पट्टा गवत काढून मोकळा करायचा, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. गवत कापणं, पालापाचोळा ओढणं, ब्लोअर असेल तर तो चालवणं यात स्वयंसेवकांची भरपूर मदत होते. पट्टा पेटवायचा असेल तर ते मात्र फक्त खात्याची माणसं करतात, आपण काडी हातात घ्यायची नाही.

आग दिसली तर १९२६ वर फोन करा, हा वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट नंबर आहे, टोल फ्री आहे. जागा नीट सांगा, कुठल्या गावाच्या वर, कुठल्या बाजूला, धूर कुठे सरकतोय. आणि तुम्ही डोंगरावरच असाल तर एवढं लक्षात ठेवा की आग चढावर फार वेगाने पळते, त्यामुळे तिच्या वरच्या बाजूला अडकायचं नाही, बाजूला सरकून खाली उतरायचं, किंवा आधीच जळून गेलेल्या काळ्या जागेत जायचं. कपडे सुती, नायलॉनचे अंगावर वितळतात.

कारणांबद्दल बोलायचं तर लोक लगेच गावकऱ्यांना दोष देतात, ते मला पटत नाही. भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, तिथून कधी ठिणगी जाते, मोह वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, नवीन गवत चांगलं येतं अशी समजूत आहे, हे सगळं खरं आहे. पण शहरातून आलेल्यांची शेकोटी आणि रस्त्यावरून फेकलेली सिगरेटही तितकीच खरी आहे. ज्या गावात राब भाजायच्या आधी चार माणसं पाण्याचे हंडे घेऊन उभी राहतात तिथे आग बाहेर जात नाही, आपण त्या चार माणसांत पाचवं व्हायचं.

सीडबॉल (आत बी घातलेले मातीचे गोळे) टाकायला येऊ का? मुलांनी शाळेत बनवलेत.

मुलांचा उत्साह मोडायचा नाही पण नका टाकू, प्लीज. उघड्या कातळावर आणि दाट गवतात टाकलेल्या बिया बहुतेक मरतात, आणि पठारावर जिथे मुळात झाडं नसायलाच हवीत तिथे चुकून उगवल्या तर उलट नुकसान. पावसाळ्यात त्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जी इवलीइवली फुलं येतात त्यांना ऊन लागतं, त्यांच्यावर सावली पाडायची नाही.

झाडं लावायचीच तर खातं किंवा ग्रामसभा दाखवेल त्या जागेवर, खड्डे मे मध्ये खणून, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर, इथलीच झाडं: हिरडा, बेहडा, जांभूळ, मोह, उंबर. गिरिपुष्प आणि गुलमोहर नको. आणि तीन वर्षं त्या रोपाकडे कोण बघणार ते नाव लिहून ठेवल्याशिवाय रोप लावू नका. मुलांना सीडबॉलऐवजी ऑक्टोबरमध्ये आणा, रोपांभोवतीचं गवत काढायला आणि त्याच गवताचं आच्छादन करायला. त्यांना ते जास्त आवडतं, कारण आपलं रोप जगलंय ते डोळ्यांनी दिसतं.

घाणेरी काढायची पद्धत कोणती?

नुसती कापली तर दुप्पट फुटते. जमिनीच्या जरा खाली जिथून फुटवे येतात तिथपर्यंत खणून मुळासकट काढायची, उलटी टांगून वाळू द्यायची. फळं धरायच्या आधी काढा, नाहीतर पक्षी बी सगळीकडे नेतात. एकदम सगळी काढू नका, आत पक्ष्यांची घरटी असतात, आधी बघा. मोकळ्या केलेल्या जागेवर पुढच्या पावसाळ्यात परत यावंच लागतं, शेकड्यांनी नवीन रोपटी उगवलेली असतात.

ब्रह्मगिरी फेरीनंतर सफाई असते ना?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी फेरीला, म्हणजे डोंगराच्या प्रदक्षिणेला, लाखात माणूस येतो, रात्रीच चालायला सुरुवात करतो, बरेच जण अनवाणी. लोक श्रद्धेने येतात, त्यांच्याशी त्याच आदराने बोला. नंतर गोळा करण्यापेक्षा आधी थांबवणं सोपं जातं, म्हणून माझं मत असं की मंगळवारी पोती घेऊन येण्यापेक्षा रविवारी संध्याकाळपासून वाटेवर उभं राहा, पाण्याचा पिंप आणि पेले ठेवा, म्हणजे बाटल्या कमी येतात, आणि जिथे चहा-फराळ वाटतात तिथे पत्रावळी टाकायला जागा करून द्या. वाटप करणाऱ्या मंडळींना आधी भेटून द्रोण-पत्रावळी पानांचीच ठेवा असं सांगितलं तर बरेच जण ऐकतात. आता सिंहस्थ येतोय, त्र्यंबकच्या डोंगरांवर गर्दी कितीतरी वाढणार, त्यासाठी माणसं आत्तापासून तयार व्हायला हवीत.

पहिने, दुगारवाडी या धबधब्यांच्या जागी पावसाळी रविवारी वेगळं काम असतं. दुगारवाडीला पाणी अचानक वाढून लोक पलीकडे अडकतात, २०२२ च्या ऑगस्टमध्ये झालंच होतं. तिथे उभं राहून, आवाज न चढवता, "दादा, वर पाऊस वाढलाय, अलीकडेच थांबा" एवढं शंभर वेळा सांगायचं. वाद घालू नका, कोणी ऐकतच नसेल तर गार्डला किंवा पोलिसांना बोलवा.

साप, मधमाश्या, बिबट्या?

सापांत नाग, घोणस, फुरसं, मण्यार हे लक्षात ठेवायचे. चावला तर कापायचं नाही, बांधायचं नाही, हालचाल कमी, १०८ ला फोन, आणि थेट सरकारी दवाखाना. बिबट्या माणसांच्या गलक्यापासून लांबच राहतो, पहाटे आणि अंधार पडताना एकटं फिरू नका एवढंच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी आग्यामोहोळाची वाटते. कड्याखाली मोठी पोळी असतात, अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा, ड्रोन यातलं काहीही नको. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड-डोकं झाकून झाडीत शिरायचं आणि तिथून लांब जात राहायचं. गिधाडांची घरटीही याच कड्यांवर असतात, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, त्या काळात कड्याखाली काम ठेवूच नका.

पैसे, सर्टिफिकेट, विमा?

पैसे नाहीत. गावातल्या माणसांना मात्र दिवसभर कामाला बोलावलं तर मजुरी द्या, आपण हौसेने आलोय म्हणून त्यांनीही फुकट राबावं ही अपेक्षा चुकीची आहे. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) मुलांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यात हे काम धरलं जातं का ते कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा. विम्याचं म्हणाल तर किमान पंतप्रधान सुरक्षा विमा तरी काढून ठेवा, वर्षाला २० रुपये, बँकेतून होतो, १८ ते ७० वयाला.

माझं वय ६२ आहे, गुडघे दुखतात. उपयोग होईल का?

नक्की होईल काका, काकू. नाक्यावर बसून माहिती देणं, गाड्यांचे नंबर लिहिणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, नांदूरमध्यमेश्वरला दुर्बिणीतून मुलांना पक्षी दाखवणं, या कामांना धीर लागतो आणि तो तरुणांकडे कमी असतो. तुम्ही सांगितलेलं लोक ऐकतातही जास्त.

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने असतो, तिथे होस्ट होऊ का?

तिकडच्या सरकारी जागांच्या जाहिराती व्हॉलंटिअर डॉट गव्ह या साईटवर येतात. पण पर्यटक व्हिसावर असाल तर आधी त्या ऑफिसला लेखी विचारा, कारण होस्टला बदल्यात राहायची जागा मिळते आणि व्हिसाच्या नियमात ते अडू शकतं. एक दिवसाचं ट्रेल वर्क बघायला मिळालं तर बघून या मात्र. अ‍ॅपलाचियन ट्रेल ही साधारण ३,५०० किलोमीटरची वाट तिथल्या क्लबांनी तुकडे पाडून वाटून घेतलीय, आपला तुकडा आपण राखायचा. नाशिकमध्ये एकेका कॉलनीने, एकेका ट्रेकिंग ग्रुपने एकेक वाट अशीच घेतली तर किती फरक पडेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

दर रविवारी जमणार नाही, मग?

वर्षातून तीन वेळा आलात तरी चालेल: मे मध्ये चर साफ करायला, ऑक्टोबरमध्ये गवत काढायला, डिसेंबरमध्ये जाळरेषेला. फक्त जागा बदलू नका, आणि येणार म्हणून सांगितलं असेल तर या, कारण गार्ड त्याची दुसरी फेरी सोडून तुमच्यासाठी थांबलेला असतो. येता आलं नाही तर आदल्या दिवशी त्याला फोन करा.